साखळीएवढं रिंगण

कडूबा जालन्याहून परत आला तो पाडव्यानंतर चौथ्या दिवशी. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, खिशात थेंबांची बाटली, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं बायकोला तोंडपाठ. उन्हात जायचं नाही. वाकायचं नाही. वजन उचलायचं नाही.

जाफराबादला उतरून जीपनं गावात यायला अकरा वाजले. भाकर खाऊन झाली तशी त्यानं टोपी घातली.

"कुठं निघालात?" सोनूबाईनं विचारलं.

"आखाड्यावर. विहिरीवरच्या मोटारीची केबल जागेवर हाय का ते पाहून येतो."

"अवो, डॉक्टर काय बोल्ला? ऊन बिलकुल नको म्हणला."

"केबल काय डॉक्टर भरून देणार हाय?"

"मंग फोन तरी न्या."

"चार्जिंगला लावलाय. तासाभरात येतो."

माणूस करडा. वय सहासष्ट, शाळा चौथीपर्यंत, जमीन सहा एकर. दात अजून सगळे शाबूत, याचा त्याला अभिमान. तोंडातून गेलेला शब्द मागं घ्यायचा नाही, हाही त्याचा अभिमानच. केबलची काळजी मात्र खरी होती. त्या शिवारात विहिरींवरच्या केबली वर्षानुवर्षं चोरीला जात होत्या. म्हणूनच तर त्यानं आखाड्यावर, शेतातल्या खोलीपाशी, कुत्रं बांधलं होतं.

भुऱ्या त्याचं नाव. बदनापूरच्या पाहुण्यांकडून पिल्लू असताना आणलेला. आता दोन वर्षांचा. खुंट्याला आठ हात साखळी आणि साखळीला भुऱ्या. खुंटा लोखंडी, सिमेंटात गाडलेला. साखळीची कडी चोरानं सोडू नये म्हणून कडूबानं स्वतः ती जाड तारेनं पिळून टाकली होती. गळ्यात नायलॉनचा पट्टा. कुत्रं राखणीला आहे, लाडाला नाही, असं कडूबा सांगायचा. दोन वर्षांत त्यानं त्याच्या पाठीवर हात फिरवला नव्हता.

भाकर-पाणी सालगडी वसंता बघायचा. सहा सालं तो कडूबाकडे होता. त्यानं दोनदा सांगितलं होतं, "मालक, पट्टा रुतून राह्यलाय. भुऱ्याचा आवाज बी घोगरा झालाय." कडूबा म्हणाला, "घोगरा बरा. चोर भितात." तिसऱ्यांदा वसंतानं हीच गोष्ट पारावर, चार माणसांत काढली. कडूबाला ते लागलं. "मालक कोन हाय, तू का मी?" असं तो सगळ्यांसमोर ओरडला. वसंता पारावरून उतरून चालू लागला. पाडव्याला सालगड्याचं साल भरतं आणि नवं लागतं. त्या सकाळी त्यानं गुरांना वैरण टाकली, भुऱ्याचं भगुनं पाण्यानं भरलं, मालकाला रामराम केला आणि नाल्यापलीकडं साहेबरावाच्या शेतावर नवं साल धरलं. बैल आणि म्हैस कडूबानं गावातल्या गोठ्यात आणून बांधली. कुत्रं आखाड्यावर राहिलं.

नवा गडी अजून मिळाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी जालन्याला जायचं होतं. कडूबाला वाटलं, वसंता नाल्यापलीकडंच आहे, सहा सालांची सवय, टाकील भाकर. पण तसं त्याला जाऊन सांगितलं नाही. सोडून गेलेल्या गड्याला काम सांगायचं म्हणजे मान खाली घालायची. तिकडं वसंताला वाटलं, मालकानं नवा गडी लावला असेल, आता त्या कुत्र्याच्या भानगडीत आपण पडायचं नाही.

असे चार दिवस गेले.

कडूबा आखाड्याच्या वाटेला लागला तेव्हा बारा वाजायला आले होते. त्या वेळेला शिवारात माणूस नसतं. हरभरा, गहू निघून गेलेले. काळ्या रानाला भेगा पडलेल्या. ऊन जमिनीवरून वर यायचं आणि चष्म्याच्या कडेनं डोळ्यात शिरायचं. दूरवर एक टिटवी ओरडली आणि मध्येच थांबली, कुणी तोंड दाबल्यासारखी.

आखाडा दिसायला लागला तरी कुत्र्याचा आवाज नाही. रोज माणूस बांधावर दिसलं की साखळी खणखणायची. आज काही नाही.

"झोपलं असंल हरामखोर," कडूबा म्हणाला आणि आधी विहिरीकडं गेला. केबल जागेवर होती. कडब्याची गंजी जागेवर होती. पत्र्याच्या खोलीचं कुलूप जागेवर होतं. समाधान वाटलं. मग तो कुत्र्याला दोन शब्द सुनवायला कडुलिंबाकडं वळला.

लिंबाखाली पाण्याचा रांजण होता. त्याच्यापुढं भुऱ्याचं रिंगण. साखळी जाईल तिथपर्यंतची जमीन कुत्र्याच्या पायांनी खळ्यासारखी कडक आणि गुळगुळीत झाली होती. तिच्यापलीकडं गुडघाभर वाळलेलं गवत. पूर्वी लिंबाची एक मोठी फांदी या रिंगणावर सावली धरायची. ती कडूबानं दिवाळीत शेळ्यांसाठी तोडली होती. खुंटा हलवायचा राहून गेला होता.

भुऱ्या रिंगणाच्या कडेला, रांजणाच्या बाजूला तोंड करून आडवा पडला होता. जर्मनचं भगुनं कोरडं, तापलेलं. रांजण त्याच्या नाकापासून दोन हात लांब.

कडूबानं चष्मा काढला. नव्या डोळ्याला सगळं फार स्वच्छ दिसत होतं. कुत्र्याच्या गळ्याभोवती पट्टा दिसेना. केसांत एक ओली, लाल भेग दिसत होती, आणि पट्टा त्या भेगेच्या आत होता. मानेवर, गाठीपाशी, तेवढा बोटभर वर आलेला. माशा उठल्या, पुन्हा बसल्या. वास आला. कुत्र्याचं पोट हललं. डोळा उघडला आणि कडूबावर थांबला.

"अरे..." कडूबाच्या तोंडातून एवढंच निघालं.

त्यानं रिंगणात पाय टाकला, भगुनं उचललं आणि रांजणाकडं वळला. दोन पावलं गेला. तिसरं पाऊल गवतात पडायच्या आत त्याच्या गळ्याला हिसका बसला.

मागून कुणी गळपट्टी धरून ओढावी तसा. तो पाठीवर आदळला. भगुनं घरंगळत गेलं.

त्यानं गळ्याला हात लावला. काही नव्हतं. उपरणं खांद्यावर होतं, सैल. मागं कुणी नव्हतं. साखळी जमिनीवर निश्चल पडलेली, तिचं एक टोक खुंट्याला, दुसरं कुत्र्याला.

ऊन लागलं, त्याला वाटलं. उठला. दुसऱ्या बाजूनं, बांधाकडं निघाला. रिंगणाची कड आली आणि पुन्हा तोच हिसका. या वेळी तो सावध होता म्हणून पडला नाही. पण गळ्यात काहीतरी रुतलं, श्वास अर्धा राहिला, आणि मागून कड्या ताणल्याचा आवाज आला. करकर. त्यानं वळून पाहिलं. भुऱ्याची साखळी धुळीत पडली होती तशीच होती.

कडूबा भित्रा नव्हता. तरण्या वयात एकट्यानं रानडुकरं हाकलली होती. तो कडेकडेनं चालत राहिला, हात पुढं करून. सगळं रिंगण फिरला. हात बाहेर जायचा. पाय बाहेर जायचा. गळा जायचा नाही. आठ हातांवर तो अडायचा.

तो रिंगणाच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"कोन हाय?" तो हळूच म्हणाला.

वारा पडलेला होता. पण रिंगणाबाहेर, तीन ठिकाणी, वाळलेलं गवत दबलं. जनावर बसल्यावर दबतं तसं. उजव्या, जुन्या डोळ्याला तिथं नुसता धूसर पिवळा रंग दिसत होता. डाव्या, नव्या डोळ्याला स्पष्ट दिसत होतं. गवताच्या काड्या खाली जात होत्या, वर येत होत्या. काहीतरी धापा टाकत बसलं होतं.

या खुंट्याला भुऱ्याच्या आधी तीन कुत्री होती. एक उन्हानं गेलं. एकाला बिबट्यानं खाल्लं. बांधलेलं होतं, पळणार कुठं. एकाचं काय झालं ते कडूबानं विचारलंही नव्हतं. सालगड्यानं ओढून नाल्यात टाकलं होतं, आणि आठ दिवसांत दुसरं पिल्लू आलं होतं. त्यांची नावंही त्याला आठवेनात.

"मी मुद्दाम न्हाई केलं..." तो गवताकडं बघून म्हणाला.

गवत धापा टाकत राहिलं.

मग कडूबानं हाका मारायला सुरुवात केली. "अय वसंता! अरे कोनी हाय का? वसंता रे!" नाल्यापलीकडं साहेबरावाचा आंबा दिसत होता. आंब्याखाली पांढरं काही दिसत होतं. माणूस झोपला असावा. कडूबानं छाती फोडून हाका मारल्या. त्या पांढऱ्यात हालचाल झाली. कुणी तरी उठून बसलं. इकडं बघितलं. आणि पुन्हा आडवं झालं.

हे मात्र कडूबाला हिसक्यापेक्षा जास्त लागलं. तो ओरडत राहिला. आवाज फाटला. जीभ टाळूला चिकटली. रांजण दोन हात लांब होता. त्याच्या बुडाशी पाझरून ओली झालेली माती दिसत होती. तिथं एक चिमणी पाणी टिपत होती. कडूबानं पोटावर पडून हात लांब करून पाहिला. बोटं कोरड्या मातीला लागत होती, रांजणाला नाही. त्याच्या हाताखाली, त्याच जागी, कडक जमिनीवर नखांचे ओरखडे होते. खूप. काही ताजे, काही जुने, एकावर एक.

तो तसाच पडून राहिला.

बऱ्याच वेळानं पायाला काही लागलं. भुऱ्या सरपटत आला होता. चार दिवसांचा उपाशी, तहानलेला. त्यानं आपलं डोकं कडूबाच्या पोटरीवर ठेवलं आणि डोळे मिटले. चावला नाही, गुरगुरलाही नाही. डोकं एवढं हलकं होतं की कडूबाला नवल वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तो कुत्रा त्याच्या अंगाला लागला होता.

कडूबा उठून बसला. त्यानं कडी चाचपली. पिळलेली तार त्याच्या स्वतःच्या हातची होती. पक्कडीशिवाय ती सुटणार नव्हती आणि पक्कड खोलीत, कुलपाच्या आत होती. खुंटा हलवून पाहिला. तोही त्याच्याच हातचा. चांगलं काम केलं होतं. विळा नाही, दगड नाही. खळ्यासारखी साफ जमीन.

"मह्यासंगं तू कशाला मरतो," तो भुऱ्याला म्हणाला. "तू तरी पाणी पी."

तो गुडघ्यांवर आला, दोन्ही हात जमिनीला टेकवले, वाकला, आणि कुत्र्याच्या मानेवर वर आलेला तो बोटभर पट्टा दातांत धरला.

तोंडात केस, रक्त, पू. तो थुंकला आणि पुन्हा धरला. नायलॉन कडक होता. एक एक धागा दाढेखाली घेऊन तो चावत राहिला, मान झटकत राहिला. डोळ्यातून पाणी वाहत होतं, नव्या आणि जुन्या दोन्ही. कुत्र्याचं अंग थरथरत होतं, पण ते हललं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. सावली खुंट्याच्या पूर्वेला चांगली वीतभर सरकली होती. एक दाढ कटकन मोडली. कडूबानं ती थुंकून टाकली आणि दुसऱ्या बाजूनं धरलं.

पट्टा तुटला.

साखळी खाली पडली. एवढाच आवाज झाला त्या सगळ्या शिवारात.

कडूबानं पट्टा जखमेतून हळूहळू सोडवला. भुऱ्या उठला, पडला, पुन्हा उठला. तिरपा तिरपा चालत कडेपर्यंत गेला. तिथं सवयीनं थांबला. मग एक पाय गवतात टाकला. मग दुसरा. आणि रांजणाच्या बुडाची ओली माती चाटायला लागला.

कडूबा त्याच्याकडं बघत कडेपाशी आला. गळ्यावर हात ठेवला. डोळे मिटले. पाऊल टाकलं.

काही झालं नाही. गवत पायाखाली कुरकुरलं, बस. त्यानं डोळे उघडले तेव्हा तो लिंबाच्या सावलीत उभा होता, आणि अंगावरून कुणी धान्याचं पोतं उतरवून घ्यावं तसं झालं. त्यानं रांजणात दोन्ही हात घातले. पहिली ओंजळ भुऱ्यापुढं धरली. दुसरी त्याच्यापुढंच धरली. तिसरी स्वतः प्यायला. गवतात आता कुठंच काही दबलेलं नव्हतं.

एवढ्यात बांधावरून पावलं वाजली. वसंता धावत येत होता, खांद्यावर टॉवेल, पायात एकच चप्पल.

"मालक? तुम्ही कवा आले?" मग त्याची नजर भुऱ्यावर गेली, मग कडूबाच्या रक्ताळलेल्या तोंडावर. "आरं देवा... चावलं का काय?"

"मी चावलो त्याला," कडूबा म्हणाला. आवाज घोगरा निघाला. "पट्टा तोडला."

वसंतानं तुटलेला पट्टा उचलून पाहिला. मग म्हणाला, "विळा न्हवता का?"

"असता तर दाढ घालवली असती का, शहाण्या?"

वसंताला हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्यानं खाली बसून भुऱ्याचा गळा पाहिला. "मालक, चार दिवस कोन होतं इथं?"

"कोनी न्हाई."

"नवा गडी?"

"लावला न्हाई. मला वाटलं तू टाकशील भाकर."

"मह्यं साल पाडव्याला संपलं नव्हं? एक शबूद बोल्ले असते तर आलो असतो ना मी. तुमच्यासाठी न्हाई, याच्यासाठी."

कडूबानं टोपी काढून हातात घेतली. "चूक मही हाय," तो म्हणाला. सहा सालांत वसंतानं हे वाक्य ऐकलं नव्हतं.

"गाडी आन जल्दी," कडूबा म्हणाला. "दवाखान्यात नेऊ. आन मघाशी मी एवढं बोंबललो, तू उठून बसला, पाहिलं, आन पुन्हा झोपला. का रं?"

"तुम्ही?" वसंता चकित झाला. "तुमची हाक न्हाई आली मालक. कुत्रं भुंकून राह्यलं होतं. दोन घंटे झाले. पहिल्यानं चांगला मोकळा आवाज होता, मला बरं वाटलं, म्हनलं मालकानं पट्टा सोडला वाटतं याचा. मंग घोगरं झालं, रडल्यावानी. म्हनलं भुंकंल, भुंकंल आन गप बसंल. कुत्रंच हाय. आन मंग एकदम बंद झालं, तवा वाटलं मेलं. म्हून पळत आलो."

कडूबा खाली बसला. भुऱ्याला त्यानं उपरण्यात गुंडाळलं. वजन उचलायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण त्या कुत्र्याला वजन राहिलेलं नव्हतं.

साहेबरावाच्या मोटारसायकलवर पुढं वसंता, मधे भुऱ्या, मागं कडूबा, असे ते जाफराबादला गेले. जनावरांच्या दवाखान्यात प्रियदर्शनी नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जखम धुतली, सलाईन लावलं, आणि हात चालू ठेवून कडूबाला असं झापलं की तसं त्याला त्याच्या बापानंही झापलं नव्हतं. पिल्लाच्या गळ्यात बांधलेला पट्टा कुत्रं मोठं झाल्यावर सैल करावा लागतो, हे कळायला शाळा लागते का बाबा? कडूबा खाली मान घालून ऐकत राहिला.

"जगेल का, बाई?"

"जगेल. आज आणलंत म्हणून जगेल."

कडूबानं भिंतीला पाठ टेकली. छातीतून एक लांब श्वास बाहेर आला. वसंतानं त्याच्या हातात चहाचा कागदी कप दिला. मोडलेल्या दाढेवर चहा झोंबला, तरी त्याला तो गोड लागला.

"आवाज मात्र परत यायला वेळ लागेल," बाई म्हणाल्या. "गळा आतून पूर्ण सुजलाय. पाडव्यापासून तरी हा भुंकलेला नसणार. भुंकूच शकला नसता."

वसंतानं कडूबाकडं पाहिलं.

कडूबानं चहाच्या कपात पाहिलं.

परत निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. वसंतानं त्याला दारापाशी सोडलं. "उद्या येतो, याला औषध पाजायला," म्हणाला. "साल तिकडंच, पन येतो."

"ये," कडूबा म्हणाला. "साखळी बी काढू उद्या. खुंटा खोदू." आणि थोडं थांबून म्हणाला, "बरं झालं आलास ते." वसंता हसला आणि गेला.

गल्लीत चुलीच्या धुराचा वास होता. कुणाच्या तरी घरात टीव्ही चालू होता. भुऱ्या उपरण्यात, कडूबाच्या छातीशी, गळ्याला पांढरी पट्टी बांधून गाढ झोपला होता. त्याच्या श्वासाची ऊब सदऱ्यातून लागत होती. कडूबाला वाटलं, मिटलं सगळं. कुत्रं वाचलं, आपण वाचलो. दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून त्यानं दारातून बायकोला हाक मारली.

"अगं, दार उघड."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

"हाड!" सोनूबाई ओरडली. "हाड, हाड! कुठून येतंय मेलं!"

कडूबा उभा राहिला तिथंच.

दार उघडलं. सोनूबाई हातात काठी घेऊन उभी होती. त्याला पाहून तिनं काठी खाली केली. "अवो, तुम्ही! किती उशीर, जीव टांगणीला लागला होता मव्हा. आन हे काय, भुऱ्याला आणलं का? अगं बाई, गळा बघा त्याचा... या, आत या." मग तिनं त्याच्या बाजूनं वाकून गल्लीत दोन्हीकडं पाहिलं. "आत्ता एक कुत्रं भुंकत होतं दारात, केवढ्यानं. कुठं गेलं ते?"

भुऱ्या झोपेत होता.

सोनूबाई उत्तराची वाट बघत होती. कडूबानं घसा खाकरला. पण लगेच तोंड उघडलं नाही.